जिजामाता : कागदांतील आणि पडद्यावरील

इतिहासाचे ग्रंथ वाचणारे लोक कोणत्याहि समाजांत थोडे, आणि इतिहास ऐकणारे व पाहणारे लोक फार. ही गोष्ट आजची नव्हे. महाराष्ट्रांतील बहुतेक कुटुंबांस शिवकालाची पहिली ओळख सभासदाच्या बखरीनें किंवा जेधे शकावलीनें करून दिलेली नसते. ती पूर्वीं शाहिरानें आणि कीर्तनकारानें करून दिली, मागाहून कादंबरीनें, नाटकानें व बोलपटानें करून दिली, आणि या शतकांत तें काम मुख्यत्वें दूरचित्रवाणीवरील मालिकांकडे आलें आहे. २००८ सालीं 'स्टार प्रवाह' वाहिनीवर 'राजा शिवछत्रपती' ही मालिका सुरू झाली. तींत जिजाबाईंची भूमिका मृणाल कुलकर्णी यांनीं केली. पुढें २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत 'सोनी मराठी' वाहिनीनें 'स्वराज्यजननी जिजामाता' ही मालिका दाखविण्यास आरंभ केला, आणि ती सुमारें दोन वर्षें चालली. अमोल कोल्हे यांच्या 'जगदंब क्रिएशन्स' या संस्थेनें ती काढिली होती. तरुणपणच्या जिजाबाई अमृता पवार यांनीं व उतारवयांतील जिजाबाई नीना कुलकर्णी यांनीं उभ्या केल्या. पुत्राच्या चरित्रांतील एक पूज्य पात्र म्हणून नव्हे, तर स्वतःच्या चरित्राची नायिका म्हणून मातुश्रींना रोज रात्रीं घरोघर आणावें, ही कल्पनाच मुळांत चांगली होती, आणि तिचें स्वागत करण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

अशा मालिकांवर विद्वान् लोक जे आक्षेप घेतात ते बहुधा पोषाखाचे, दागिन्यांचे व वाड्यांच्या झगमगाटाचे असतात. नऊवारी लुगड्याचा कांठ त्या काळीं तसा असे किंवा नसे, दिवाणखान्यांत झुंबर होतें किंवा नव्हतें, हे वाद आम्हांस गौण वाटतात. आमचा प्रश्न निराळा आहे. दोन वर्षें नित्यनेमानें एका थोर स्त्रीचें चरित्र पाहिल्यावर, त्या स्त्रीनें नेमकें केलें काय, असें जर घरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीस विचारलें, तर ती काय सांगेल? तिनें पुत्रास जन्म दिला, त्याला रामायण-महाभारतांतील गोष्टी सांगितल्या, त्याला आशीर्वाद दिला, आणि संकटांत धीर सोडला नाहीं, असेंच उत्तर बहुधा येईल. मालिकेच्या नांवांतच 'जननी' आणि 'माता' असे एकाच अर्थाचे दोन शब्द आले आहेत. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि जो भाग सुटतो तोच आमच्या मतें मातुश्रींच्या थोरवीचा सर्वांत भक्कम भाग आहे. तो भाग म्हणजे त्यांचें राज्यकर्तृत्व.

या विचारास आरंभ करण्यास महाड तालुक्याइतकें योग्य ठिकाण दुसरें नाहीं. जो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई व आज रायगड म्हणविला जातो, त्याच्या आंतल्या अंगास, सावित्रीच्या खोऱ्यांतील महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर, गडाच्या अगदीं पायथ्याशीं पाचाड हें गांव आहे. रायगडाच्या माथ्यावरील गार वारा व कडक हवा वृद्ध मातुश्रींच्या प्रकृतीस मानवेना, म्हणून महाराजांनीं त्यांच्यासाठीं येथें वाडा बांधविला, अशी परंपरा सांगते. वाड्याच्या तटाचे व जोत्यांचे अवशेष आजहि उभे आहेत. आंतील एका विहिरीच्या कांठीं तक्क्यासारखें दगडी आसन आहे, म्हणून तिला तक्क्याची विहीर म्हणतात. जवळच मातुश्रींची समाधि आहे. ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, वर रायगडावर राज्याभिषेक झाला. आणि ज्येष्ठ वद्य ९ रोजीं, म्हणजे १७ जूनला, अवघ्या अकरा दिवसांनीं, खालीं पाचाडांत मातुश्रींनीं देह ठेविला.

गडावर जाणारे हजारों प्रवासी या गांवावरून जातात, परंतु चढण्याच्या घाईंत येथें थांबणारे थोडे. पाचाडचें स्थान मात्र लक्षांत घेण्यासारखें आहे. गडाच्या पायथ्याशीं, वर जाणाऱ्याच्या वाटेवर असें हें गांव आहे. राज्याभिषेकाच्या अगोदर, १६७४ च्या मे महिन्यांत, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून आला तेव्हां महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेले होते, आणि वकिलास त्यांच्या परत येण्याची वाट पाहत याच पाचाडांत थांबावें लागलें. पाचाडचा वाडा हा केवळ एका वृद्ध स्त्रीच्या विश्रांतीचा कोपरा नव्हता. राजधानीचाच तो खालचा अंगण होता.

आतां मातुश्रींविषयीं लिखित आधार काय आहेत तें पाहूं. ते फार थोडे आहेत, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. जन्म सिंदखेडचा, पिता लखुजी जाधवराव. १२ जानेवारी १५९८ हा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. विवाह, होळीच्या दिवशींची ती प्रसिद्ध थट्टा व तींतून उपजलेलें भोसले-जाधवांचें वैर, यांचीं सविस्तर वर्णनें उत्तरकालीन बखरींत आहेत, आणि त्यांवर किती भार टाकावा हा प्रश्नच आहे. समकालीन किंवा निकटकालीन म्हणावीं अशीं साधनें मोजकींच : जयराम पिंड्ये याच्या चंपूंतील उल्लेख, कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत', जेधे शकावलीतील त्रोटक नोंदी, सभासदानें १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेली बखर, कांहीं पत्रें व निवाडे, आणि परकीयांच्या वखारींतील थोडा पत्रव्यवहार. त्यांचें विश्वसनीय असें समकालीन चित्र नाहीं. त्यांच्या तोंडचा म्हणून खात्रीनें सांगतां येईल असा संवाद जवळजवळ नाहींच.

युरोपांतील एक उदाहरण शेजारीं ठेविलें म्हणजे ही उणीव किती मोठी आहे तें कळेल. फ्रान्सची जोन ऑफ आर्क १४३१ सालीं शत्रूच्या हातीं मारली गेली. परंतु त्या शत्रूनेंच तिच्यावर खटला चालविला असल्यामुळें तिनें दिलेलीं उत्तरें दप्तरांत टिकून राहिलीं, आणि नाटककारास तिचा आवाज कागदांवरूनच ऐकूं येतो. आपल्याकडे अहिल्याबाई होळकरांच्या बाबतींतहि महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें व इतर पत्रव्यवहार विपुल आहे; २०२१ सालीं त्यांच्या चरित्रावर हिंदींत मालिका निघाली, तेव्हां तिच्या लेखकांपुढें आधारांचा तुटवडा हा प्रश्न नव्हता. जिजाबाईंच्या बाबतींत तो आहे. त्यांच्या आयुष्याची सुमारें पाऊणशें वर्षें आणि हातांत असलेले कागद यांचें प्रमाण पाहतां, मालिकाकारास रोज रात्रीं एक प्रसंग लागतो, आणि इतिहास त्यास संबंध आयुष्यांतून फार तर दहा-पंधरा प्रसंग पुरवितो. उरलेले शेंकडों प्रसंग त्यानें कल्पनेनें रचावे लागतात. हा त्याचा अपराध नव्हे. ती त्या धंद्याची गरज आहे.

ही गरज केवळ मराठी मालिकांचीच आहे असेंहि नाहीं. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या चरित्रावरील 'द क्राउन' ही मालिका २०१६ पासून २०२३ पर्यंत चालली. राणी २०२२ च्या सप्टेंबरांत वारली. लवकरच मालिकेचा पांचवा भाग यावयाचा होता. तेव्हां नामांकित अभिनेत्री ज्युडी डेंच यांनीं वृत्तपत्रास पत्र लिहून, हें काल्पनिक नाट्य आहे असा खुलासा प्रेक्षकांस द्यावा अशी मागणी केली, आणि पुढें त्या भागाच्या जाहिरातीसोबत तसा खुलासा घालण्यांत आला. ज्या राणीचें सारें आयुष्य छायाचित्रांत व वृत्तपत्रांत नोंदलें गेलें, तिच्याहि बाबतींत बंद दाराआडचें संभाषण लेखकास रचावें लागलें. मग साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या राजगडावरील संभाषणाची कथा काय?

आपल्याकडे ही परंपरा मालिकांहून फार जुनी आहे, आणि तिचा उत्तम नमुना पोलादपूर तालुक्याशींच निगडित आहे. पोलादपुराजवळील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. तेथें त्यांची समाधि आहे. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यांत कोंढाण्याच्या मोहिमेचा आरंभ मातुश्रींपासून होतो. प्रतापगडावरून त्यांना कोंढाणा दिसतो, त्या राजगडाहून महाराजांना बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, डाव जिंकतात, आणि जिंकल्याबद्दल कोंढाणा मागतात. मग उमरठास रायबाच्या लग्नाच्या गडबडींत असलेल्या तानाजीस बोलावणें जातें. सभासदाच्या बखरींत यांतलें कांहीं नाहीं. तेथें तानाजी स्वतःच गड घेण्याचें पत्करतो, एवढेंच आहे. कोंढाणा ४ फेब्रुवारी १६७० रोजीं सर झाला हें निश्चित; सोंगट्या मात्र शाहिराच्या.

परंतु शाहिराची ही कल्पना नीट पाहिली पाहिजे. त्यानें मातुश्रींच्या हातीं काय दिलें? पाळण्याची दोरी नव्हे, पुत्राच्या कपाळीं लावावयाचा टिळाहि नव्हे. त्यानें त्यांच्या तोंडीं एक राजकीय मागणी घातली. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोंगलांस दिलेल्या किल्ल्यांपैकीं कोंढाणा हा पुणें प्रांताचें नाक; तो परत आला पाहिजे, ही त्या मागणीची मेख आहे. प्रसंग कल्पित असेल, परंतु राज्याच्या मसलतींत मातुश्रींचा शब्द चालत असे ही लोकांची आठवण त्या प्रसंगाखालीं आहे. म्हणून आमचा आक्षेप कल्पनेवर नाहीं. कल्पना कोणत्या बाजूस झुकते, यावर सारें अवलंबून आहे. शाहिराची कल्पना कर्तृत्वाकडे झुकली. मालिकेच्या रचनेची ओढ स्वाभाविकपणेंच अश्रूंकडे, भाषणाकडे व आशीर्वादाकडे असते, कारण मुद्रा जवळून दाखविणें हेंच त्या साधनाचें मोठें बळ आहे.

आतां कागद काय म्हणतात? पोलादपुरांतच कवींद्र परमानंदाची समाधि दाखवितात. हा मूळचा नेवाशाचा. महाराजांच्या आश्रयाचा कवि. त्याचें संस्कृत 'शिवभारत' तंजावरास मिळालें व १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. तें अपुरें असून बत्तिसाव्या अध्यायांत तुटतें. आश्रित कवीची स्तुति म्हणून त्यांतील विशेषणें आपण बाजूस ठेवूं. पण त्यांत एक प्रसंग असा आहे कीं, तो नुसत्या स्तुतीसाठीं रचण्याचें कारण दिसत नाहीं. १६६० सालीं महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहराच्या वेढ्यांत सांपडले असतां मातुश्री राजगडावर होत्या. वेढा उठत नाहीं असें पाहून त्या स्वतः सैन्य घेऊन पुत्राच्या सुटकेस निघण्यास सिद्ध झाल्या, आणि सेनापति नेताजी पालकर आला तेव्हां त्यास त्यांनीं खडसाविलें, असें परमानंद सांगतो. या वेळीं त्यांचें वय साठीच्या घरांत होतें. कवीनें शब्द आपले घातले असतील. परंतु सेनापतीस जाब विचारण्याचा अधिकार ज्या व्यक्तीस आहे, ती व्यक्ति कोण असते हें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरी गोष्ट मुद्रेची. मातुश्रींची स्वतःची मुद्रा होती. पुत्राची मुद्रा संस्कृत, मातेची मात्र त्या काळच्या दप्तरी रीतीप्रमाणें फारसी. आणि तींत त्यांचा निर्देश राजा शिवाजीची माता असाच आहे. येथें कोणी म्हणेल कीं, मुद्राच जर त्यांना माता म्हणते, तर मालिकेनें तरी निराळें काय म्हणावें? या ठिकाणीं रोमच्या कॉर्नेलियाची आठवण होते. ग्रॅकस बंधूंच्या या मातेचा पुतळा रोमकरांनीं उभारला होता. त्याचें जोतें १८७८ सालीं सांपडलें, आणि त्यावर ती आफ्रिकानसाची कन्या व ग्रॅकसांची माता एवढीच अक्षरें आहेत. दोन्ही स्त्रिया पुत्राच्या नांवानें ओळखिल्या गेल्या. परंतु पुतळा हा मान आहे आणि मुद्रा हें हत्यार आहे. पुतळ्याखालचीं अक्षरें लोकांनीं कोरलीं. मुद्रा ज्याची असते त्याच्या अधिकारानें कागदावर उठते, आणि ती उठली म्हणजे कोणाचें तरी वतन चालू राहतें, कोणाचें तरी थांबतें. मातृत्व हें त्यांच्या अधिकाराचें उगमस्थान खरें. परंतु तो अधिकार त्यांनीं वापरला, हा मुद्रेचा अर्थ आहे.

आणि तो वापरला कोठें? मुख्यत्वें न्यायांत व मुलखाच्या व्यवस्थेंत. वतनदारांच्या तंट्यांत मातुश्रींच्या समोर निवाडे झाल्याचे व त्यांच्या आज्ञेनें पत्रें निघाल्याचे उल्लेख तत्कालीन कागदांत आहेत. त्या काळचा निवाडा म्हणजे काय हें एकदां डोळ्यांसमोर आणावें. दोघे भाऊबंद पाटिलकीसाठीं भांडत येतात. दोघांकडून जामीन घेतले जातात, तकरिरा लिहून घेतल्या जातात; गोतसभा बसते, शेजारच्या गांवांचे पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन साक्षीस येतात. शेवटीं महजर होतो. त्यावर पाटील नांगराची निशाणी करतो, आणि बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या निशाण्या करतात. जिंकणारा शेरणी भरतो, हरणाऱ्यावर गुन्हेगारी बसते. या कामास भाषणाचा उपयोग नाहीं. दिवसचे दिवस ऐकत बसण्याची चिकाटी, माणूस ओळखण्याची दृष्टि, आणि आपल्या निवाड्यानें दुखावलेला पाटील उद्यां शत्रूस जाऊन मिळेल कीं काय याचा अंदाज, हे गुण लागतात. ज्या पुण्याची मुरार जगदेवानें धूळधाण केली होती, तें पुन्हा वसविण्याच्या काळापासून मातुश्री हें काम पाहत आल्या. सोन्याच्या नांगराची कथा सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु नांगर एक दिवस चालतो, आणि गांव वसविण्यास वर्षें लागतात.

या कर्तृत्वाची खरी कसोटी १६६६ सालीं लागली. पुरंदरच्या तहानें तेवीस किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख गेला होता. राजगड, रायरी असे बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख तेवढा उरला होता. अशा वेळीं ५ मार्च १६६६ रोजीं महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांसह राजगडाहून आग्र्यास निघाले. १२ मे रोजीं ते आग्र्यास पोंचले, आणि लवकरच कैदेंत पडले. १७ ऑगस्ट रोजीं निसटले. राजा आणि त्याचा वारस दोघेहि शत्रूच्या राजधानींत, आणि ते जिवंत परत येतील कीं नाहीं हें कोणास ठाऊक नाहीं; असे सहा महिन्यांहून अधिक दिवस गेले. या काळांत राज्य मातुश्रींच्या स्वाधीन होतें. पेशवे मोरोपंत, मजमूदार निळोपंत इत्यादि मंडळी त्यांच्या आज्ञेंत चालत होती. जगाच्या इतिहासांत राजा कैद झाल्यावर राज्य फुटल्याचीं उदाहरणें कमी नाहींत. येथें तसें झालें नाहीं. बारा किल्ल्यांपैकीं एकाहि किल्लेदारानें दार उघडलें अशी वार्ता नाहीं. महाराज परत आले तेव्हां राज्य जसें ठेवून गेले होते तसें त्यांना मिळालें. पुत्राच्या सुटकेची पेटाऱ्यांची कथा आपण शेंकडों वेळां ऐकली आहे. परंतु पेटाऱ्यांतून सुटून ज्या राज्यांत परत यावयाचें, तें राज्य जाग्यावर होतें, हा त्या कथेचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो मातुश्रींचा आहे.

येथें आमच्या मुद्द्याचें मर्म आहे, आणि तें १६६४ सालच्या एका प्रसंगाशीं जोडलेलें आहे. त्या वर्षाच्या जानेवारींत शहाजीराजे कर्नाटकांत होदिगेरेस शिकारींत घोड्यावरून पडून वारले. वार्ता येतांच मातुश्री सहगमनास निघाल्या, आणि महाराजांनीं त्यांच्या मांडीवर बसून, गळ्यास मिठी घालून, शपथ घालून त्यांना परावृत्त केलें, असें बखर सांगते. नाटककारास याहून हृदयद्रावक प्रसंग मिळणें कठीण. आई आणि लेक, चिता आणि मिठी. पाहणारांचे डोळे पाणावल्यावांचून राहणार नाहींत. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें या प्रसंगाचें महत्त्व अश्रूंत नाहीं, तर पुढच्या दहा वर्षांत आहे. १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत पिता व भाऊ मारले गेलेले, वडील पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईंत पडलेला, १६५९ सालीं सून सईबाई दोन वर्षांचें मूल मागें ठेवून गेलेली, आणि आतां पति गेलेला. अशा स्त्रीनें रूढीप्रमाणें जगाचा निरोप घेतला असता, तर त्या काळीं तिला कोणी नांव ठेविलें नसतें, उलट पूजाच केली असती. मातुश्री राहिल्या. १६६५ च्या जानेवारींत सूर्यग्रहणाच्या पर्वकालीं महाबळेश्वरास त्यांची व वृद्ध सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला झाली. पोलादपुराहून आंबेनळी घाटानें वर जाणारास तें क्षेत्र आजहि वाटेवरच लागतें. त्या तुलेनंतर पांच महिन्यांनीं पुरंदरचा तह, पुढल्या वर्षीं आग्रा, पांच वर्षांनीं कोंढाणा, नऊ वर्षांनीं राज्याभिषेक. १६६४ सालीं त्या गेल्या असत्या, तर १६६६ सालीं राजगडावर राज्य कोणी सांभाळलें असतें?

हा प्रश्न नुसता जुन्या इतिहासाचा नाहीं. त्या मिठींत मातेनें पुत्राचें ऐकलें, एवढाच अर्थ घेतला तर ती कथा वात्सल्याची होते. राज्यास तिची गरज होती आणि तिनें ती गरज धर्मशास्त्रांतील स्तुतीहून मोठी मानली, असा अर्थ घेतला तर ती कथा कर्तव्याची होते. घरांतल्या मुली यांपैकीं कोणती कथा ऐकत वाढतात, त्यावर त्या स्वतःकडे काय म्हणून पाहतात हें थोडेंबहुत ठरत असतें. 'आपल्या पोटीं शिवाजी यावा' असा आशीर्वाद आपल्याकडे मुलींना हौसेनें दिला जातो. तूं स्वतः जिजाबाईसारखा न्याय करशील, बारा किल्ल्यांचें राज्य सांभाळशील, असें म्हणणारा वडील माणूस आम्हांस अद्याप क्वचितच आढळला आहे. पहिल्या आशीर्वादांत मुलगी ही पुत्राची वाट आहे. दुसऱ्यांत ती स्वतः मुक्कामास पोंचलेली आहे.

कोणी म्हणेल, कागद, महजर व होनांचे हिशेब दाखवून मालिका चालत नाहीं. प्रेक्षक उठून जातील. हें आम्हांस पटत नाहीं. न्यायसभेंत नाट्य नसतें असें म्हणणारानें शेक्सपियरचें 'मर्चंट ऑफ व्हेनिस' पुन्हा उघडावें. राजा आग्र्यास अडकला आहे, खालीं सदरेवर दोन भाऊबंद पाटिलकीसाठीं भांडत आहेत, त्यांतील एक मोंगलांकडे जाण्याच्या तयारींत आहे, आणि समोर सत्तरीकडे झुकलेली स्त्री एक शब्दहि न बोलतां दोघांच्या तकरिरा ऐकत बसली आहे. कोणत्याहि जिवंत लेखकास या प्रसंगांतून नाट्य निर्माण करतां आलें पाहिजे. त्यासाठीं इतिहासाच्या विरुद्ध जाण्याची गरज नाहीं, फक्त त्याच्या निराळ्या पानावर बोट ठेवण्याची आहे. त्याचबरोबर, बखरींतलें कोणतें, पोवाड्यांतलें कोणतें आणि लेखकाच्या पदरचें कोणतें, हें भागाच्या शेवटीं दोन ओळींत सांगण्याची रीत पडली, तर मालिकेची गोडी कमी होणार नाहीं, आणि जिज्ञासू मुलाच्या हातीं एक धागा मात्र राहील.

आमच्या वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. रायगड पाहण्यास मुलांना नेतांना पाचाडास तासभर थांबावें. समाधीस नमस्कार करून झाल्यावर वाड्याच्या पडक्या तटांत जावें, आणि तक्क्याच्या विहिरीपाशीं उभें राहून मुलांना विचारावें कीं, या वाड्यांत राहणारी स्त्री दिवसभर काय करीत असेल. मुलें मालिकेंतलें कांहीं सांगतील. तें ऐकून घ्यावें. मग त्यांना मुद्रेची, निवाड्यांची आणि १६६६ सालची हकीकत सांगावी.

मातुश्रींचा मृत्यु त्या काळींहि लोकांस मोठा वाटला. वेंगुर्ल्याच्या डच वखारीनें त्या वर्षीं आपल्या पत्रांत त्याची नोंद घेतली. निश्चलपुरी गोसाव्यानें पहिल्या राज्याभिषेकांत राहिलेल्या दोषांचा पुरावा म्हणून इतर अपशकुनांबरोबर या मृत्यूकडेहि बोट दाखविलें, आणि २४ सप्टेंबर १६७४ रोजीं महाराजांनीं तांत्रिक पद्धतीनें दुसरा अभिषेक करवून घेतला. परकीयांनीं त्यांना राजाची वृद्ध माता म्हणून पाहिलें, गोसाव्यानें त्यांच्या मृत्यूंत शकुन पाहिला, शाहिरांनीं त्यांच्या हातीं सोंगट्या दिल्या, आणि आमच्या काळानें त्यांना दिवाणखान्यांतील पडद्यावर आणलें. प्रत्येक पिढीनें आपापल्या परीनें आदरच केला. परंतु सदरेवर बसून राज्य सांभाळणारी जी स्त्री कागदांच्या ओळींतून दिसते, तिला पुरतें पाहण्याचें काम अद्याप उरलें आहे. आणि तें इतिहासकार व मालिकाकार या दोघांनीं मिळून करण्याजोगें आहे.